ऐपतीचा दाखला आणि स्वातंत्र्य

न्यायाधीशांनी ‘जामीन मंजूर’ असे म्हटले की वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी संपते. ज्याला जामीन मंजूर झाला त्याच्या दृष्टीने मात्र खरी यातायात तेथूनच सुरू होते. हुकुमाच्या शेवटच्या ओळीत ‘पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार’ असे शब्द असतात. तुरुंगाचा दरवाजा उघडायचा की नाही, हे त्यानंतर त्या ओळीतील ‘लायक’ या एका शब्दावर ठरते. आरोपीचा गुन्हा, त्याचा स्वभाव, त्याच्याविरुद्धचा पुरावा या सगळ्यांचा विचार करून न्यायालयाने त्याला बाहेर राहण्यास पात्र ठरविलेले असते. तरीही तो आतच राहतो, कारण त्याच्यासाठी उभा राहील असा ऐपतदार माणूस त्याला मिळत नाही. कायद्याने मोकळा आणि प्रत्यक्षात बंदिवान, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. ती अपवादात्मक आहे असेही म्हणण्याची सोय नाही. जामीन मिळूनही तुरुंगातच असलेल्या सुमारे ५,००० कच्च्या कैद्यांची नोंद राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२३ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली होती. त्यांपैकी १,४१७ जणांची तोपर्यंत सुटका झाली होती.

मोठे चित्र याहून गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालाप्रमाणे त्या वर्षअखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, ज्यांचा गुन्हा अद्याप शाबित झालेला नाही असे कच्चे कैदी होते. हे सर्वच जामीनदाराअभावी आत होते असे नव्हे. कित्येकांना जामीन नाकारलेला असतो, कित्येकांचा अर्जच झालेला नसतो. परंतु जामीन नाकारला तर निदान त्याची कारणे लिहावी लागतात आणि वर दाद मागता येते. जामीनदार न मिळाल्यामुळे जो आत राहतो त्याच्या बाबतीत कोणीच निर्णय घेतलेला नसतो. त्याचे प्रकरण नुसते पडून राहते.

बंधपत्राचा व्यवहार

हा सगळा व्यवहार मुळात आहे तरी काय? आरोपीने ठरलेल्या तारखांना न्यायालयात हजर राहावे, एवढाच त्याचा हेतू आहे. त्यासाठी दोन कागद होतात. पहिला खुद्द आरोपीचा : ‘मी हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम शासनाला देणे लागेन.’ यालाच आपल्याकडे जातमुचलका म्हणतात. दुसरा जामीनदाराचा : ‘हा हजर राहील, न राहिल्यास तेवढी रक्कम मी देणे लागेन.’ वस्तुतः रक्कम त्या दिवशी कोणी भरायची नसते. कबूल केलेली असते. रोख भरण्याची सवलतही कायद्यात आहे आणि मुंबईच्या न्यायालयांत काही आठवड्यांपुरता रोख जामीन घेऊन मग जामीनदार आणण्यास मुदत देण्याचा प्रघातही आहे. आरोपी गैरहजर राहिला तर बंधपत्र जप्त होते, जामीनदाराला नोटीस निघते, दंडाप्रमाणे वसुली होते. वसुली न झाल्यास त्या जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद आहे. रक्कम अंशतः माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे हे खरे. परंतु सामान्य माणसाच्या कानावर कैदेची गोष्ट आधी जाते, माफीची क्वचितच.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा कर्जाचाच व्यवहार आहे. शासन आरोपीला त्याचे स्वातंत्र्य उसने देते आणि तारण मागते. जेथे तारण मागितले जाते तेथे ज्याच्याकडे काही आहे त्यालाच पत असते, हा नियम बँकेच्या खिडकीवर लागू पडतो तसाच न्यायालयाच्या दारातही लागू पडतो. जामीनदाराची लायकी सिद्ध करण्यासाठी जे कागद मागितले जातात त्यांची यादी पाहावी : सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती, शिधापत्रिका, पगाराची चिठ्ठी, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. यांतला प्रत्येक कागद मालमत्तेचा किंवा कायम नोकरीचा पुरावा आहे. भूमिहीन मजुराच्या भावाकडे सातबारा असणार नाही. झोपडपट्टीतील भाडेकरूकडे घरपट्टीची पावती असणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला पगाराची चिठ्ठी कोण देणार? सातबारा असलाच तर त्यावर चार भावांची नावे असतात आणि बाकीच्या तिघांची संमती कोठे आहे, असा प्रश्न निघतो. त्याउपर जामीनदाराची पडताळणी पोलीस ठाण्यामार्फत व्हायची. तो अहवाल येईपर्यंत आणखी काही दिवस जातात.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, बांधकामावरील मजुराला दिवसाला ६०० रुपये मिळतात आणि १५,००० रुपयांचा जामीनदार न मिळाल्यामुळे तो एक महिना आत राहतो. सव्वीस दिवसांच्या मजुरीचे त्याचे १५,६०० रुपये बुडाले. म्हणजे पळून गेला असता तर जेवढी रक्कम शासनाने वसूल केली असती त्याहून अधिक त्याने न पळताच गमावली. यात त्याच्या बायकोच्या तुरुंगाकडील फेऱ्या, वकिलाची फी, सावकाराचे व्याज आणि सुटल्यावर मुकादमाने कामावर परत घेतले नाही तर होणारे नुकसान धरलेलेच नाही. शिवाय तो आत असताना त्याला पोसण्याचा आणि तारखेला पोलीस पहाऱ्यात नेण्या-आणण्याचा खर्च शासन करते तो वेगळाच. दोन्ही पक्षांना तोट्याचा असा हा सौदा आहे. तो चालू राहतो याचे कारण एकच : तोटा सोसणाऱ्यांना सौद्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार नाही.

१९७८ आणि १९७९

हे दुखणे नवे नाही आणि त्यावरचे औषधही नवे नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दंडाधिकाऱ्यांनी त्यासाठी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या कारणाने त्याला नाकारले. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऑगस्ट १९७८ मध्ये दिलेला निकाल आजही वाचण्यासारखा आहे. दक्षिणेतील माणूस मध्य प्रदेशात पकडला गेला तर त्याने तेथला जमीनदार जामीनदार म्हणून कोठून आणायचा, आणि एकाच देशाच्या नागरिकाला जिल्ह्याची हद्द परकी का ठरावी, असा त्यांचा सवाल होता. मोतीरामला त्यांनी १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला. जामीन म्हणजे जामीनदारासहच असे नाही, तर जामीनदाराविनाही सुटका होऊ शकते, हा अर्थ त्या निकालाने पक्का केला.

दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, रुस्तमजी यांच्या वृत्तपत्रीय लेखांवरून श्रीमती कपिला हिंगोरानी यांनी बिहारमधील कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. शाबित झाले तरी काही महिने किंवा फार तर वर्ष-दोन वर्षे शिक्षा व्हावी अशा आरोपांखाली माणसे तीन-तीन, दहा-दहा वर्षे खटला उभा न राहता तुरुंगात होती, असे त्यातून उघड झाले. न्यायमूर्ती भगवती यांनी हुसैनआरा खातून प्रकरणात जो विचार मांडला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा. पैसा गमावण्याची भीती हाच माणसाला न्यायालयात परत आणणारा एकमेव धागा आहे, हे गृहीतकच त्यांनी नाकारले. माणूस त्या गावात किती वर्षे राहतो, काम काय करतो, बायको-मुले कोठे आहेत, पूर्वी जामिनावर असताना वागणूक कशी होती, ओळखीची भरवशाची माणसे कोण, ही चौकशी करावी आणि मुळे रुजलेली दिसली तर जातमुचलक्यावर सोडावे, असे त्यांनी सांगितले. ज्याचे घर, पोरेबाळे आणि रोजचे काम एकाच वस्तीत आहे तो सहसा पळत नाही. पळून राहायलाही पैसा लागतो.

चार दशके लोटली. मधल्या काळात कायदाही हलला. २००५ च्या दुरुस्तीने असे ठरले की जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जो जामीनदार देऊ शकत नाही तो निर्धन आहे असे मानावे आणि त्याला जामीनदाराशिवाय सोडावे. येथे ‘सोडता येईल’ असा विकल्प नाही. सोडलेच पाहिजे, अशी सक्ती आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती तरतूद कायम ठेवली असून ‘जामीन’, ‘जामीनपत्र’ आणि ‘बंधपत्र’ यांच्या व्याख्याही प्रथमच दिल्या आहेत. या व्याख्या किरकोळ वाटतील, पण तशा त्या नाहीत. जामीनदारासह ते जामीनपत्र, जामीनदाराविना ते बंधपत्र, असा हा भेद आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला ‘बंधपत्रावर’ सोडावे, असे त्याच संहितेच्या कलम ४७९ मध्ये म्हटले आहे. व्याख्या आणि कलम एकत्र वाचले तर अशा माणसाकडे जामीनदार मागता येणार नाही, असाच अर्थ निघतो. जन्मठेप वा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांना ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळविण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

खोटे नाणे

मग अडते कोठे? दंडाधिकाऱ्याच्या आसनावर बसून विचार केला तर त्याची अडचण समजू शकते. समोरचा आरोपी परमुलखातला, पत्ता बांधकामाच्या शेडचा, आज येथे तर उद्या दुसऱ्या शहरात. सोडला आणि तो परतला नाही तर खटला वर्षानुवर्षे तहकूब राहतो, वॉरंटे निघतात आणि परत येतात, फिर्यादी ताटकळतो. ज्याची चोरी झाली तोही बहुधा गरीबच असतो. न सोडल्याबद्दल मात्र दंडाधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. अशा स्थितीत माणूस सावध मार्ग पत्करतो, आणि कागद मागणे हा सर्वांत सावध मार्ग होय.

पण या सावधपणातून नेमके काय पदरी पडते, हे पाहिले पाहिजे. मोठ्या शहरांतील न्यायालयांच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा धंदा चालतो हे कोणत्याही वकिलाला ठाऊक आहे. बनावट शिधापत्रिका, बनावट पगाराची चिठ्ठी, दुसऱ्याच कोणाचा सातबारा घेऊन एकच मनुष्य निरनिराळ्या नावांनी उभा राहतो. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या मधूनमधून येतात आणि धंदा पुन्हा सुरू होतो. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलून देते, असा अर्थशास्त्रात ग्रेशमच्या नावाने सांगितला जाणारा नियम आहे. येथे तो अक्षरशः खरा ठरला आहे. बोगस जामीनदार सापडले की न्यायालये कागदांची यादी वाढवितात, शिधापत्रिकेवर शेरे मारतात, पडताळणी कडक करतात. वाढलेली यादी पुरी करणे हा धंदेवाईक माणसाचा व्यवसायच असतो. तो ती पुरी करतो. ज्याला ती पुरी करता येत नाही तो म्हणजे आरोपीचा सख्खा चुलता, जो खरोखरच पुतण्याला कान धरून तारखेला हजर करू शकला असता. धंदेवाईकाने आरोपीचे तोंडही पुन्हा पाहायचे नसते. म्हणजे ज्या कारणासाठी जामीनदार हवा, त्या कारणाला जो निरुपयोगी तोच कसोटीस उतरतो, आणि जो उपयोगी तो नापास होतो.

अमेरिकेने हा धंदा उघड केला. तेथील बहुतेक राज्यांत परवानाधारक जामीन-व्यावसायिक असतात. आरोपीने जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के त्यांना द्यायचे, ते पैसे खटला सुटला तरी परत मिळत नाहीत, आणि आरोपी पळाला तर त्याला धरून आणण्याची माणसेही त्या व्यावसायिकाचीच. जगात अमेरिका आणि फिलिपाइन्स यांखेरीज असा व्यवसाय जवळजवळ कोठेच कायदेशीर नाही. त्या देशातही आता त्याविषयी शंका आहे. केंटकी राज्याने १९७६ मध्येच हा व्यवसाय बंद केला, आणि इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच रद्द केला. ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली त्या देशाने १९७६ च्या कायद्याने आरोपीकडून पैशाचे स्वतःचे बंधपत्र घेण्याचे सोडून दिले आणि जामिनावर असताना हजर न राहणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला. आपल्याकडेही जामिनावर सुटून गैरहजर राहणे हा २००५ च्या दुरुस्तीपासून एक वर्षापर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. म्हणजे पकड ठेवण्याचे दुसरे साधन आपण कायद्यात आणले, पण पहिले सैल केले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांत हा प्रश्न तपशिलाने हाताळला आहे. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच वा दुसऱ्या दिवशी तुरुंगात पोहोचावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी त्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल करून न्यायालयापुढे अट शिथिल करण्यासाठी ठेवावा. महिना उलटला तर न्यायालयाने आपण होऊन अटींचा फेरविचार करावा. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असे कोणी म्हटल्यास तात्पुरत्या सुटकेचा विचार व्हावा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. यातली शेवटची सूचना म्हणजे मोतीरामच्या निकालाची पुनरुक्ती आहे. पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते यातच सर्व आले.

केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना काढली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत रक्कम शासनाने न्यायालयात भरावी, असे तिचे मूळ स्वरूप होते. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी, तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांविषयी काढलेल्या कळकळीच्या उद्‌गारांनंतर ती आली, ही समाधानाची गोष्ट. हेतूबद्दल शंका नाही. पण योजनेचे निदान अर्धे आहे. कैद्याची अडचण पैशाची असते त्याहून अधिक माणसाची असते. हुकुमात रोख रक्कम नव्हे, जामीनदार मागितलेला असतो. न्यायालय जामीनदाराऐवजी रोख घेण्यास तयार झाले तरच ते पैसे उपयोगी. आणि जे न्यायालय एवढी सवलत देईल ते सरळ जातमुचलक्यावरच का सोडणार नाही? शासनाने एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलेले पैसे आरोपीला तारखेला हजर राहायला भाग पाडतील, असे तर कोणी म्हणणार नाही. योजना राबविण्याबाबत राज्यांना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून स्मरणपत्रे जावी लागली, यात म्हणूनच नवल वाटण्याजोगे काही नाही.

करण्यासारखे काम याहून स्वस्त आहे. भगवतींनी सांगितलेली चौकशी करण्यास तासाभराचा वेळ आणि एक समंजस माणूस लागतो. विधी सेवा प्राधिकरणाचे निम-विधी स्वयंसेवक त्याच कामासाठी आहेत. अटकेनंतर पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतानाच आरोपीच्या वस्तीचा, कामाचा, कुटुंबाचा एक पानी अहवाल सोबत असेल तर ‘लायक जामीनदार’ ही छापील ओळ यांत्रिकपणे लिहिण्याचे कारण उरणार नाही. आज हा अहवाल, झालाच तर, सात दिवस आत काढल्यानंतर होतो. सात दिवसांत रोजंदारीची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

या प्रश्नाचा शिक्षक आणि कारकून वर्गाशी संबंध नाही असेही नाही. कायम नोकरी असलेल्या माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीला न्यायालयात भाव असतो आणि म्हणूनच शाळेतील शिपाई, घरी येणारी मोलकरीण किंवा गावाकडचा दूरचा नातलग कधी ना कधी ‘साहेब, एवढी सही करा’ म्हणून दारात येतो. बहुतेक घरांत तेव्हा कुजबुज होते आणि काहीतरी निमित्त सांगून त्याला परत पाठविले जाते. भीती अनाठायी नाही. पण ती अनेकदा माहितीअभावी वाढलेली असते. जामीनदाराची जबाबदारी बंधपत्रातील रकमेपुरती असते, आरोपीच्या गुन्ह्याची नसते. बंधपत्र जप्त होण्यापूर्वी जामीनदार मरण पावला तर त्याच्या वारसांवर बोजा येत नाही. नोटीस आल्यावर कारण दाखविता येते. आणि आरोपीची चाल बदललेली दिसली, तो तारखा चुकवील असे वाटू लागले, तर जामीनदाराला केव्हाही अर्ज करून आपली मुक्तता मागता येते. न्यायालय आरोपीला बोलावून घेते, जामीनदाराला मोकळे करते आणि आरोपीला दुसरा जामीनदार आणण्यास सांगते. सही करण्यापूर्वी दोनच गोष्टी पाहाव्यात : हुकुमातील रक्कम किती आहे, आणि पुढली तारीख कोणती.